कापडं तोलणाऱ्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवर उकिडव्या बसून पांढऱ्याशुभ्र चादरीवर बकऱ्याचं रक्त ओतत होत्या. मी नुकतीच डॉक्टर झाले होते. नोकरीचा पहिला दिवस होता आणि अंगावर अक्काने हौसेने दिलेली नवी साडी होती. खाली आयाने "डॉक्टरम्मा वर आहेत" एवढंच सांगितलं होतं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थिजून उभी राहिले. बाईंनी मान वर केली आणि नाव नाही, गाव नाही, सरळ विचारलं, "किती आहे सांग बघू?"

"काय किती?"

"रक्त. आणि काय, गुलाबपाणी?"

मी कसंबसं म्हटलं, "कपभर असेल."

"तीन कप आहे. म्हणजे उद्या तुझ्यासमोर एखादी बाळंतीण जाईल आणि तू म्हणशील, कपभरच तर गेलं होतं. ये, बस इथं."

मी बसले. न बसून सांगते कोणाला?

पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि हे सगळं बंगळुरातल्या बसवनगुडीत चाललं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. सकाळी कॉफीचा वास आणि देवळातली घंटा, एकादशीला कांदासुद्धा घरात न आणणारी माणसं, दारासमोर ठसठशीत रांगोळ्या. अशा गल्लीत दर आठवड्याला आमचा माळी कॅंटोनमेंटच्या बाजारातून सायकलला दुधाची बरणी लावून यायचा आणि त्या बरणीत बकऱ्याचं रक्त असायचं. गोठू नये म्हणून खाटकाने त्यात मीठ घालून ढवळलेलं असायचं. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहायचे. एकदा त्यांनी कौतुकाने बाईंना विचारलं, "काय डॉक्टरम्मा, हालु एवढं लागतं तुम्हाला?" हालु म्हणजे दूध. बाईंनी शांतपणे झाकण उघडून बरणी त्यांच्यापुढे धरली. त्या दिवसापासून मास्तर फिरायला निघाले की आधी रस्ता ओलांडायचे.

बाई मूळच्या बेळगावकडच्या. उंच, हडकुळ्या, नेहमी पांढऱ्या सुती साडीत. पायात पुरुषी चपला. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपल्यालाच रागावल्या. त्यांच्या पिशवीत स्टेथॉस्कोप एखाद्या दिवशी विसरलेला असे, पण हुकाचा एक स्प्रिंगचा काटा मात्र कायम असे. मासळीबाजारात असतो तसा. त्यावर त्या बाळं तोलत नसत. बाळांना वेगळा काटा होता. या काट्यावर त्या बाळंतिणीची कापडं तोलायच्या.

त्या काळी बाळंतपणाला येताना घरूनच जुनी धोतरं, लुगडी आणायची पद्धत होती. बाई नातेवाइकांच्या हातून ते गाठोडं घ्यायच्या, काट्याला लटकवायच्या आणि कोरडं वजन बघायच्या, मग बाळंतिणीचं नाव विचारायच्या. बाळंतपण झालं की तीच कापडं पुन्हा काट्याला. ओल्यातून कोरडं वजा केलं की जे उरेल ते रक्त. हिशेब एवढा साधा, पण पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, बायकांना तो काही केल्या पटत नसे. एका म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ही बाई जुन्या कपड्यांवर भांडी देते काय?" तेव्हापासून आम्ही आपसांत त्यांना बोहारीणबाई म्हणायला लागलो. त्यांना ते कळलं असणार, कारण एकदा एक चेंबलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि काही न बोलता निघून गेल्या.

'थोडं', 'बेताचं', 'नेहमीसारखं' या शब्दांचा त्यांना भयंकर तिटकारा होता. आमच्याकडे कधीमधी एक मोठे डॉक्टर यायचे. सुटाबुटातले, शहरात नाव असलेले. एका बाळंतिणीकडे ओझरतं बघून ते म्हणाले, "रक्त बेताचंच गेलंय."

"बेताचं म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

"बेताचं म्हणजे... बेताचं."

"हे माप कुठल्या दुकानात मिळतं ते सांगा की. मीही एक आणते."

मी खाली मान घालून उभी राहिले. इतक्या मोठ्या माणसाला सगळ्या नर्सांदेखत असं कुणी बोलतं का? मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. डॉक्टर लालबुंद होऊन गेले आणि पुढे दोन महिने आले नाहीत. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं की, डोळा मुळातच भित्रा. "थोडं सांडलं तर तो बरोबर सांगतो. जास्त सांडलं की त्याला भ्या वाटतं आणि तो कमी सांगतो. रक्त मोजताना माणसासारखा कंजूष कोणी नाही." म्हणून गच्चीवरची ती शिकवणी. चादरीवर, फरशीवर, पाण्याच्या बादलीत, घडी घातलेल्या लुगड्यावर त्या मापाने रक्त ओतायच्या आणि आम्ही सांगायचं. डॉक्टर, नर्सा, आया, कुणाची सुटका नव्हती. बादलीतलं आम्ही नेहमी जास्त सांगायचो, कारण पाणी लाल दिसायचं. लुगड्यावरचं हमखास कमी सांगायचो. सुरुवातीला मला उलटी व्हायची. पुढे उलटी थांबली, तेव्हा मला स्वतःचाच धक्का बसला.

हे त्यांचं वेड घरीही सुटत नसे. कुणाच्या हातून कॉफी सांडली तर यजमानांनी फडकं आणायच्या आत बाई हात आडवा करायच्या. "थांबा. किती सांडली सांगा आधी." त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं. एकदा मी अगदी बरोबर सांगितलं तर त्यांनी आपल्याच अंथरुणावर दुसरा पेला उपडा केला, पहिला अंदाज चुकून बरोबर आला नाही ना, हे बघायला.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. एक दिवस बाई दुकानात येऊन बसल्या आणि मांजरपाट, खादी, धोतर, लुगडं, असं एकेक वार फाडून मागू लागल्या. अण्णा खूश. मोठी ऑर्डर आली, हॉस्पिटलचं काम दिसतंय, असं समजून त्यांनी कॉफी मागवली. दुकानात लग्नाच्या खरेदीला आलेलं एक कुटुंब बसलेलं. तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेठ, बाळंतपणात यातलं कुठलं कापड रक्त लवकर लपवतं?"

पाच मिनिटांत दुकान रिकामं झालं. अण्णा इतके हबकले होते की त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं. "जुनं लुगडं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. चार घड्या घातल्या तर वर रुपयाएवढा डाग दिसेल आणि खाली सगळं चिंब असेल."

"सरी," म्हणजे 'बरं', एवढंच बाई म्हणाल्या, पैसे मोजले आणि गेल्या. रात्री जेवताना अण्णांनी मला विचारलं, "दुसरीकडे कुठं नोकरी नाही मिळायची काय गं तुला?"

मग अक्काचं बाळंतपण आलं.

अक्का माझी मोठी बहीण. लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस गेले होते. तिची सासू स्वभावाने चांगली, पण सुनेला एक घटका नजरेआड होऊ द्यायची नाही. त्याला कारण होतं. तिची एकुलती एक मुलगी पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूल झाल्यावर काही तासांतच. सगळ्यांनी ठरवलं की बाळंतपणाची कापडं सुईण घेऊन गेली आणि त्यांवर तिने करणी केली. आमच्या लोकांत हे भय जुनंच. बाळंतिणीची कापडं परक्याच्या हाती लागू द्यायची नाहीत, लगेच घरी न्यायची आणि परसात पुरायची. बाळंतपणाला बाईंकडे जायचं असं मी हट्टाने ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती. "मी तिच्याजवळ बसणार."

सकाळी दहाच्या सुमाराला अक्काला मुलगा झाला. वार नीट पडली, टाके नाहीत, सगळं सुरळीत. बाईंनी तोवरची कापडं तोलली आणि मान हलवली. मग त्या दुसऱ्या बाळंतिणीकडे गेल्या आणि मी खाली बाह्यरुग्ण तपासायला. अण्णा आणि भावोजी व्हरांड्यात साखर वाटत होते. नर्स मधूनमधून डोकावत होती आणि दर वेळी सांगत होती, एकदम छान आहे, नाडी चांगली आहे.

दुपारी बाराच्या आसपास मी वर आले तर बाई अक्काच्या खोलीच्या दारात उभ्या. आत जात नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. अक्का पडून हसत होती, जरा फिकट दिसत होती इतकंच. चादर पांढरीस्वच्छ, खालचं लुगडं स्वच्छ, फरशी पुसलेली, उदबत्ती लावलेली. मला तर बघून बरं वाटलं.

"इतकी स्वच्छ बाळंतीण मी आजवर बघितलेली नाही," बाई हळूच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी अक्काच्या पोटावर हात ठेवला. "इकडे ये. तू ठेव हात."

मी ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी आवळून दगडासारखी घट्ट लागायला हवी. माझ्या हाताला ती भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागली. "चोळ," बाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." नर्सला इंजेक्शन आणायला पिटाळून त्या सासूबाईंकडे वळल्या.

"कापडं कुठायत?"

सासूबाईंनी अक्काची चादर सारखी केली.

"किती वेळा बदललीत?"

"घाण झालं की बदललं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं असं परक्यानं बघू नये, डॉक्टरम्मा. आमच्यात चालत नाही."

"मी परकी? बरं, परकी. कापडं कुठायत?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांची नजर मोरीच्या दाराकडे गेली आणि बाई त्या दिशेने निघाल्या. दारामागे एक गोणपाटाची पिशवी होती, तोंड सुतळीने आवळून बांधलेली. सासूबाईंच्या थोरल्या मुलाने घोड्याचा जटका आणला की त्यातून ती घरी जायची होती. सासूबाई बाईंच्या आडव्या आल्या. साठीची बाई, आयुष्यात कुणाच्या अंगाला हात न लावलेली, तिने बाईंचं मनगट धरलं. "ती नका सोडू. तुमच्या पाया पडते. माझी एक गेलीय."

"सोडली नाही तर ही दुसरी जाईल," बाईंनी मनगट सोडवून घेतलं.

व्हरांड्यात आमचे दोन्हीकडचे पंधरावीस नातेवाईक हातांत साखर घेऊन उभे होते. पुरुषच जास्त. बाईंनी त्यांच्या मधोमध पिशवी आणली, सुतळी कापली, आणि छताच्या कडीला काटा अडकवून एकेक लुगडं त्याला लटकवायला सुरुवात केली. चोळता चोळता मला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. वरच्या घडीवर अगदी बेताचे डाग, आणि उलगडलं की आत सगळं चिंब. फरशीवर थेंब पडू लागले. अक्काच्या चुलतसासऱ्यांना घेरी आली, ते तिथेच खाली बसले. कोणीतरी "शिव शिव" म्हणालं. भावोजींच्या हातातली साखर सांडली. अण्णा मात्र एकटक त्या लुगड्यांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, कारण तिथे जमलेल्यांत कापडात किती मावतं हे त्यांनाच कळत होतं.

"घरी पाण्याचा तांब्या आहे ना, तो काठोकाठ," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "वर अजून अर्धा. एवढं गेलंय तिचं. रक्त द्यायला कोण येतंय?"

नर्स म्हणाली, "पण डॉक्टर, नाडी अजून चांगली आहे."

"तरण्या बाईची नाडी शेवटपर्यंत खोटं बोलते. आणि एकदा खरं बोलायला लागली की मग वेळ राहत नाही."

भावोजी पुढे झाले. मग अण्णा. मोठ्या हॉस्पिटलातून रक्ताच्या बाटल्या आणायला गाडी गेली, या दोघांच्या रक्ताचीही तपासणी झाली, सलाईन लागलं. बाई माझ्या जागी आल्या आणि दोन्ही हातांनी अक्काची गर्भपिशवी दाबून धरून बसल्या. अर्ध्या तासाने अक्काचं हसणं थांबलं. ओठ पांढरे झाले, कपाळावर घाम आला, आणि "मला दिसत नाही गं" असं ती म्हणाली. तिची नाडी माझ्या बोटांखाली दोऱ्यासारखी झाली. मी डॉक्टर होते, पण त्या क्षणी मला एकही औषध आठवत नव्हतं. नुसती अक्का आठवत होती. आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाटली दारात होती. नाडी घसरल्यावर मागवली असती तर ती यायला आणखी अर्धा-पाऊण तास लागला असता, आणि अक्काकडे तेवढा वेळ नव्हता. हे मला आजही कुठेही, काहीही करताना अचानक आठवतं.

संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का उशाला टेकून पेज पीत होती आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होती. मी तिला पोटभर रागावून घेतलं आणि मग मोरीत जाऊन रडले.

त्याच दुपारी अक्काच्या सासूबाई बाईंच्या खोलीत आल्या. मीही तिथे होते. बाई कुठल्याशा दुसऱ्या बाळंतिणीची कापडं तोलत होत्या.

"डॉक्टरम्मा, स्वल्प बोलायचं होतं."

"बोला की."

"आमची पोर गेली तेव्हा असंच झालं होतं. हसत होती. मग दिसत नाही म्हणाली." सासूबाई उभ्याच होत्या. "सुईणीनं कापडं नेली म्हणून सगळे म्हणाले, करणी केली. मीही म्हटलं. त्या सुईणीला मी पेटेत राहू दिलं नाही. तिची भांडी मी माझ्या हातानं रस्त्यावर टाकली. दोन पोरं होती तिला. कुठं गेली, ठाऊक नाही." त्या जरा थांबल्या. "खरं सांगा. माझ्या पोरीचंही असंच गेलं का?"

मी बाईंच्या समोर, सासूबाईंच्या मागे उभी होते. मी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणा. काहीतरी सांगा, वेगळं दुखणं होतं म्हणा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि माझ्यावरून नजर काढून घेतली.

"असंच गेलं असणार," त्या म्हणाल्या.

"करणी नव्हती."

"नव्हती. लुगड्यांनी पिऊन घेतलं आणि कुणी बघितलं नाही."

मला बाईंचा भयंकर राग आला. इतकी वर्षं उराशी धरलेलं दुःख, ते या वयात असं उलटंपालटं करायचं? सासूबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी भिंतीला हात लावला आणि सावकाश खाली बसल्या, कापडांच्या ढिगाशेजारी, त्याला टेकूनच. विटाळ वगैरे काही त्यांच्या मनात आलेलं दिसलं नाही.

"म्हणजे त्या सुईणीची काहीच चूक नव्हती," त्या म्हणाल्या.

"चूक होतीच की. तिनं कापडं बघायला हवी होती." बाईंनी हातातला काटा टेबलावर ठेवला. "तिला तुम्ही हाकललंत. मला कुणी हाकललं नाही. त्या वर्षांत मीसुद्धा कापडं बघत नव्हते. मोठ्या हॉस्पिटलात होते मी, गळ्यात स्टेथॉस्कोप होता. 'थोडंच गेलं' म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. बाई गेली की लोक माझ्याच पाया पडायचे, डॉक्टरम्मा, तुम्ही पुष्कळ केलंत म्हणून."

दोन वर्षं मी या बाईंच्या हाताखाली होते. त्यांना आम्ही हसत होतो, नावं ठेवत होतो.

सासूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एका बाईने दुसरीला शेजारच्या घरचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अशा किती गेल्या असतील, तुमच्या हातून?"

बाईंनी टेबलावरचा काटा हातात घेतला.

"ते मोजलं नाही," त्या म्हणाल्या. "धाडस झालं नाही."